मटेरिअलाइझ्ड व्ह्यूचा लॉग फुगला तर काय तपासावे?

लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या कांदा लिलावांचा हिशेब नाशिकला ओरॅकल डेटाबेसमध्ये ठेवायचा आहे असे धरू. ‘लिलाव’ टेबलात ट्रॅक्टरमागे एक ओळ: बाजार, प्रत, क्विंटल, भाव. बाजारवार भाव दर वेळी नव्याने काढायला नको, म्हणून तो मटेरिअलाइझ्ड व्ह्यूमध्ये, म्हणजे क्वेरीचे उत्तर साठवून ठेवणाऱ्या टेबलात, तयार ठेवायचा.

१. आधी लॉग (मूळ टेबलातल्या बदलांची नोंदवही), मग व्ह्यू. हा क्रम चुकवू नका. व्ह्यूच्या शेवटच्या रिफ्रेशपेक्षा लॉग नवा असेल, तर फास्ट रिफ्रेश (फक्त झालेले बदल उतरवून व्ह्यू ताजा करणे) ओआरए-१२०३४ ही एरर देऊन थांबतो. लॉग म्हणजे ‘एमलॉग$_लिलाव’ नावाचे साधे टेबलच. मूळ ओळ बदलली की त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये इथेही नोंद पडते. रोलबॅक केला, म्हणजे बदल मागे घेतला, तर दोन्ही जातात. बेरजेच्या व्ह्यूसाठी लॉगमध्ये रोआयडी (ओळीचा पत्ता), लागणारे सगळे कॉलम आणि ‘इन्क्लुडिंग न्यू व्हॅल्यूज’ हवेच.

२. व्ह्यूत सरासरीबरोबर बेरीज आणि संख्याही ठेवा. चुकून १८०० पडलेला भाव १५०० केला, तर लॉगमध्ये जुनी आणि नवी अशा दोन्ही किमती येतात. रिफ्रेश बेरजेतून ३०० वजा करतो, बाकीच्या ओळींकडे बघतही नाही. कमाल भावाचे मात्र असे जमत नाही. सर्वात चढ्या भावाची ओळच काढली, तर त्याखालचा भाव कोणता हे मूळ टेबललाच विचारावे लागते.

३. ‘डीबीएमएस_एमव्ह्यू.रिफ्रेश’ला ‘एफ’ (फास्ट) द्या. नेहमीच्या, टाइमस्टॅम्पवर (वेळेच्या शिक्क्यावर) चालणाऱ्या लॉगमध्ये नव्या नोंदीवर १ जानेवारी ४००० ही तारीख असते. रिफ्रेश आधी तिथे खरी वेळ लिहितो, मग बदल व्ह्यूत उतरवतो आणि शेवटी लॉग साफ करतो.

खरी मेख या साफसफाईत आहे. एकाच लॉगवर दोन व्ह्यू असतील, तर दोघांनीही उचलल्याशिवाय नोंद पुसली जात नाही. कुणीतरी चाचणीसाठी दुसऱ्या डेटाबेसवर केलेला व्ह्यू तसाच पडून राहतो, त्याच्यापायी लॉग वाढत जातो आणि दोष रिफ्रेशच्या माथी येतो. म्हणून पहिल्यांदा ‘डीबीए_बेस_टेबल_एमव्ह्यूज’मध्ये प्रत्येकाची शेवटच्या रिफ्रेशची वेळ बघा. वापरात नसलेला व्ह्यू सापडला, तर ‘पर्ज_एमव्ह्यू_फ्रॉम_लॉग’ने त्याच्या नोंदी काढा.

एवढे करूनही रिफ्रेश रेंगाळला, तर लॉगचा हाय वॉटर मार्क (टेबल आजवर कुठपर्यंत भरले होते ती खूण) वरच अडकलेला असू शकतो. ओळी गेल्या तरी रिकामे ब्लॉक वाचले जातातच. लिलाव बंद असताना मूळ टेबल लॉक करा, लॉगमध्ये एकही ओळ उरली नाही याची खात्री करा आणि मगच तो ट्रंकेट करा, म्हणजे ती खूणही खाली येते.