स्लॅबचं घर थंड ठेवायचं, पण वर ओझं न चढवता

मे महिन्यात रात्री दहा-अकराला स्टुलावर चढा आणि आतून छताला तळहात लावा. मग तोच हात भिंतीला लावा. छत जास्त गरम लागलं, तर घरातला उकाडा वरून उतरतोय. वर मजला नसलेल्या बहुतेक घरांत हेच निघतं. अशा घरात कूलर कितीही मोठा आणा, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत डोक्यावर आग ओकत राहतो.

मी औसा तालुक्यात घरबांधणीची कामं घेतो. गिऱ्हाइकाचं एक वाक्य ठरलेलं आहे: "मामा, माळवदात असं होत नव्हतं." खरंच नव्हतं. वर मातीचा जाड थर, खाली लाकूड, भिंती दोन-अडीच फुटी. दुपारची धग आत पोचेपर्यंत दिवस मावळायचा. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच माती आणि चिखलात रचलेले तेच दगड अंगावर कोसळून हजारो माणसं गेली. म्हणून "स्लॅबवर फूटभर माती टाकू का?" असं कुणी विचारलं की मी सरळ नाही म्हणतो. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातं, आणि पाणी प्यायली की आणखी वाढतं. वापरातल्या गच्चीवर माणसं-सामान म्हणून साधारण दीडशे किलो धरून स्लॅब काढलेला असतो. हिशोब तिथंच संपतो.

माळवदाचं काम हलक्या वस्तूकडून करून घ्यायचं. एक्सपीएस नावाचा फोमचा बोर्ड मिळतो, बहुधा गुलाबी, निळा किंवा हिरवा. दोन इंची बोर्ड जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट आठ फूट जाड ओतावं लागेल. वजन मात्र चौरस मीटरला दोन किलोसुद्धा नाही. घरांसाठी 2018 मध्ये आलेल्या इको निवास संहितेत (ऊर्जा वाचवणाऱ्या घरांची केंद्राची नियमावली) छतातून शिरणाऱ्या उष्णतेला 1.2 ची मर्यादा आहे (चौरस मीटरला, दर अंशाला इतके वॅट). उघड्या पाच इंची स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. एक इंची बोर्डानंही तो मर्यादेत येतो. मी दोन इंची सांगतो, कारण मजुरी तेवढीच लागते.

बोर्ड स्लॅबच्या वर, बाहेरून. आतून पीओपीचं छत करून लोक पैसे घालवतात. त्यानं थोडा फरक पडतो, पण स्लॅब उन्हात तापायचा तो तापतोच. रोज फुगून-आकसून स्लॅब आणि भिंतीच्या सांध्याला जी चीर पडते, तीही थांबत नाही.

क्रम असा. आधी गच्चीचा उतार आणि वॉटरप्रूफिंग. मग पनाळी बुजवून दोन दिवस पाणी कोंडा आणि खालून ओल येते का बघा. बोर्ड टाकल्यावर गळती शोधणं म्हणजे सगळं उखडणं. दोन इंचांसाठी एक-एक इंचाचे दोन थर घ्या आणि वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. बोर्डाला गरम डांबर किंवा थिनरवाला गोंद लावला की तो विरघळतो. मिस्त्रीला हे दोनदा सांगा. वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्याचं) कापड, मग जाळी घालून बारीक खडीचं दीड इंच जाड काँक्रीट, चार-पाच फुटांवर सांधे सोडून. बोर्ड उन्हात उघडा राहिला तर त्याचा भुगा होतो. या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला नव्वदएक किलो येतं, म्हणून गच्चीवर आधीच विटांचा कोबा असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. गच्चीची पातळी साडेतीन-चार इंच चढते. पनाळीचं तोंड आणि जिन्याच्या दाराचा उंबरा आधी मोजा, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी जिन्यातून खाली येईल.

शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानातलं थर्माकोल यासाठी चालत नाही. ते दबतं, पाणी धरतं.

बोर्डाएवढे पैसे नसतील तर चुना. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये रात्रभर भिजवा. तो उकळतो, तेव्हा प्लास्टिकची बादली नको आणि लेकरं जवळ नकोत. सकाळी फडक्यानं गाळा, चिकटपणासाठी फेविकॉलसारखा गोंद मिसळा, आणि ऊन उतरल्यावर ओल्या गच्चीवर दोन-तीन हात द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा. खर्चाच्या मानानं एवढा गुण दुसऱ्या कशाला नाही. बोर्डाच्या वरच्या काँक्रीटलाही पांढरा रंग किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी द्याच.

पत्र्याच्या घराला बोर्डाचा हा प्रकार जमत नाही. वरून पांढरा रंग, खाली छत, आणि दोन्हींच्या मधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळीची तोंडं. पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाट्या पसरण्याची रीत आहे. आग आणि विंचू या दोन कारणांनी मला ती पसंत नाही.

नवं बांधणार असाल तर जिना, न्हाणीघर, कोठी पश्चिमेला ढकला. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा), जाळी किंवा वेल लागते. भिंतीला एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक घेतले तर विटेपेक्षा उष्णता बरीच अडते. खिडक्या सकाळी नऊला बंद, रात्री उघड्या. कूलर लावला तर मात्र समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा साचतो. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. कूलर जितका कमी चालेल तितकं पाणी वाचतं.

बोर्डाचा हाच थर थंडीतही कामाला येतो. परभणीकडं पारा एक आकड्यावर उतरतो, तेव्हा उघडा स्लॅब घराची ऊब रात्रभर आकाशात सोडत राहतो. बोर्डाखालचा स्लॅब ती धरून ठेवतो.

काम संक्रांतीनंतर लगेच काढा. वरच्या काँक्रीटला आठवडाभर पाणी मारावं लागतं, आणि एप्रिलमध्ये त्यासाठी टँकर विकत घ्यावा लागेल.