गोव्यातून निघताना कोट घेऊ नका

चवथ आटोपली की इथे इंग्लंडात स्विंडनला गोव्याची नवी माणसे उतरू लागतात. फोंड्याची, डिचोलीची, पेडण्याची मुले आमच्याकडे चार दिवस राहतात आणि खोली मिळाली की जातात. बॅग उघडली की बहुतेकांच्या सामानात एक कोट निघतो. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर नाहीतर म्हापशाच्या बाजारात निघण्याच्या आठवड्यात घेतलेला, ऑगस्टच्या घामात सुती शर्टावर चढवून पाहिलेला. नोव्हेंबरात त्याच्या आत स्वेटर मावत नाही, आणि स्वेटर नसला तर त्या कोटात थंडी भागत नाही. चौदा वर्षांपूर्वी मीही असाच कोट घेऊन आलो होतो.

बँकेचे खाते, डॉक्टरकडे नाव घालणे, भाड्याचा करार हे सगळे तुम्हाला दहा जणांनी सांगितले असेल. मी कोटाचे सांगतो, आणि तोही एकाच प्रकारचा: लोकरीचा पी कोट. कामावर, मुलाखतीला, कुणाच्या लग्नाला, सगळीकडे हा एकच कोट चालतो. नीट बघून घेतला तर दहा-पंधरा वर्षे काढतो.

नावातल्या 'पी'चा वाटाण्याशी संबंध नाही. डच भाषेत जाड, खरखरीत लोकरी कापडाला 'पेइ' म्हणतात, त्यावरून हे नाव आले असे मानतात. कोट मुळात खलाशांचा. समोर दुहेरी पाखा आणि बटणांच्या दोन रांगा, वारा ज्या बाजूने येईल ती बाजू वर घेऊन लावता यावी म्हणून. कॉलर रुंद, उभी केली की कान झाकणारी. खिसे उभे, थंड हात आत घालायला. लांबी कमरेच्या जरा खाली, शिडीवर चढताना पाय अडू नयेत एवढीच. लहानपणी आमच्या शेजारी एक तारवटी होते, ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर उमर घालवलेले. त्यांच्या पेटीत डांबरगोळ्यांच्या वासाचा असा एक काळपट निळा कोट होता. आम्ही मुले तो दोघे मिळून उचलायचो. गोव्यात तो कशाला लागतो हे तेव्हा कळत नव्हते. इंग्लंडमध्ये याच घाटाच्या कोटाला रीफर म्हणतात, दुकानात तेही नाव विचारा.

इथल्या थंडीबद्दल एक समजून घ्या. स्विंडनला जानेवारीत दिवसा सहा-सात अंश आणि रात्री एक-दोन अंश असते. आकडा ऐकून गोव्यातले लोक म्हणतात, दिल्लीतही होते की एवढी. पण ही थंडी ओली आहे. वारा आणि भुरभुर पाऊस एकत्र येतात आणि पातळ कापडातून थेट हाडांपर्यंत पोचतात. जाड, मुरवलेली लोकर इथे उपयोगी पडते, कारण ती वारा अडवते आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. मुसळधार पावसाला मात्र हा कोट नाही, त्यासाठी वेगळे पावसाळी जाकीट ठेवा. सायकलने रात्रपाळीला गोदामात जाणाऱ्यांनाही मी हा सांगणार नाही. आणि टोरांटोला जाणाऱ्यांनी इथेच वाचन थांबवले तरी चालेल, उणे पंधराला हा पुरत नाही.

आता कापड. कोटाच्या आतली छोटी चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे काढू नका. बाहेर मोठ्या अक्षरात 'वूल' असते आणि आत लिहिलेले असते लोकर तीस टक्के, बाकी पॉलिस्टर. असा कोट दोन हिवाळ्यांत कोपरांवर गोळे धरतो आणि वाऱ्याला फारसा अडवत नाही. माझे माप असे: ऐंशी टक्के लोकर उत्तम, सत्तर चालेल, साठाच्या खाली हातही लावू नका. उरलेल्यात थोडे नायलॉन असले तर वाईट नाही, त्याने कापड झिजायला वेळ लागतो. कापडाचे नाव मेल्टन असेल तर चांगले. मेल्टन म्हणजे विणल्यावर पाण्यात मुरवून, दाबून घट्ट केलेली लोकर, विणीचे धागे दिसतच नाहीत. जुन्या धाटणीच्या कोटाचे मेल्टन बत्तीस औंसाचे, म्हणजे वारभर कापड जवळजवळ ९०० ग्रॅम. आजच्या बाजारातले बहुतेक कोट त्याहून हलके असतात. चोवीस औंसाचे मिळाले तर स्विंडनला पुरते.

कंपन्यांचे थोडक्यात. अमेरिकेची शॉट ही १९१३ सालची न्यूयॉर्कची कंपनी, तिचे पी कोट जड आणि मजबूत. अमेरिकन नौदलाला कोट पुरवणारी बॉस्टनची स्टर्लिंगवेअर २०१९ साली बंद झाली, पण तिचे जुने कोट अजून विकले जातात आणि शिवण पाहण्यासारखी असते. ब्रिटनची ग्लोव्हरॉल डफल, म्हणजे टोपीवाल्या जाड लोकरी कोटांसाठी नावाजलेली आहे, रीफरही बनवते. फ्रान्सच्या सेंट जेम्स आणि आर्मर-लक्स या समुद्रकाठच्या कंपन्या असाच कोट 'काबान' या नावाने करतात. पहिल्याच वर्षी एवढे पैसे नसतील तर मार्क्स अँड स्पेन्सर, नेक्स्ट, युनिक्लो यांच्या दुकानांत जा. तिथे कंपनीच्या नावावर जाऊ नका, प्रत्येक कोटाची चिठ्ठी वेगळी वाचा, कारण एकाच दुकानात शेजारशेजारच्या दोन कोटांत लोकर अगदी वेगवेगळी असते.

आता माप. माझे पैसे इथेच बुडाले, म्हणून सावकाश वाचा.

दुसऱ्या हिवाळ्यात मी ठरवले की आता चांगला, खरा नौदलाच्या धाटणीचा कोट घ्यायचा. अमेरिकेतल्या एका दुकानातून मागवला. माझी छाती ३९ इंच. तिथल्या तक्त्यात छाती ४० लिहिलेले होते, मी म्हटले, एक इंच सैल, झाले. तो तक्ता अंगाच्या मापाचा नव्हता, कोटाच्या मापाचा होता. म्हणजे कोट सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत २० इंच, त्याची दुप्पट ४०. पार्सल दारात आले तेव्हा आधी आयातीचा कर भरावा लागला, कपड्यांवर बारा टक्के, त्यावर वीस टक्के व्हॅट, वर कुरिअरवाल्याची फी. मग कोट घातला. शर्टावर कसाबसा आला, स्वेटरवर बटण लागले नाही. परत पाठवायचा खर्च एवढा की निम्मी किंमत त्यातच गेली असती. बायको गरोदर होती, घरात एकाचा पगार, आणि मी त्या दिवशी आठवड्याच्या किराण्याहून कितीतरी जास्त पैसे कपाटात टांगून ठेवले. तो कोट शेवटी माझ्या चुलतभावाच्या मुलाला गेला.

म्हणून परत सांगतो. तक्ता अंगाचा आहे की कोटाचा, हे आधी विचारा. कोटाचा असेल तर तुमच्या छातीत चार ते पाच इंच मिळवा. छाती ३९, तर कोट ४३-४४ हवा. अंगाचा असेल तर तुमचाच नंबर घ्या, कारण आतली जागा शिवणाऱ्याने धरलेली असते. त्यातही एक नंबर मोठा घेतलात तर खांदे लोंबतात. ब्रिटन आणि अमेरिकेत पुरुषांचा ४० म्हणजे एकच, युरोपच्या दुकानात तोच ५०. बायकांचे तसे नाही, अमेरिकेचा ८ म्हणजे इथला १२. शिवाय बायकांसाठी शिवलेल्या कोटांचे कापड बऱ्याचदा पातळ असते. माझ्या बायकोने शेवटी पुरुषांचा ३६ घेतला आणि ती तोच वापरते.

दुकानात जाताना तुमचा सगळ्यात जाड स्वेटर घालून जा. कोट चढवून सगळी बटणे लावा, दोन्ही हात बसची दांडी धरल्यासारखे वर करा, मग खुर्चीवर बसा. पाठीत ओढ बसली तर ठेवून द्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. खांदा कुठलाही शिंपी धड दुरुस्त करत नाही. बाही लांब असेल तर काळजी नको, ती कमी करून मिळते. अंगठ्याच्या मुळापर्यंत आली की बरोबर.

मापाची खात्री नसेल तर इथल्याच दुकानातून घ्या. ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क इथला कायदा देतो. प्रत्यक्ष दुकानात तो हक्क कायद्याने नाही, दुकानदाराच्या नियमावर आहे, म्हणून पावती जपा आणि कोट ठेवायचे ठरेपर्यंत किमतीची पट्टी कापू नका.

आपल्या लोकांना एक गोष्ट कितीदा सांगितली तरी पटत नाही. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा धर्मादाय दुकानांत लोकांनी दिलेले कपडे विकतात. तिथे जुन्या शिवणीचा, भरपूर लोकरीचा कोट कमी पैशांत मिळतो. माझा आत्ताचा मी बावीस पौंडांना घेतला, नऊ हिवाळे झाले. आपली माणसे म्हणतात, कुणा मेलेल्याचा असेल. मग दरवर्षी बाजारातले फुगीर काळे जाकीट घेतात, मार्चपर्यंत त्याची शिवण उसवते, पुढच्या वर्षी परत तेच. पाच वर्षांचा हिशेब त्यांनी एकदा मांडून बघावा. ड्रायक्लीनिंगला देऊन आणलेल्या कोटाला काही लागलेले नसते. इंग्रजांची एक सवय मला मनापासून आवडते. बापाचा कोट मुलगा घालतो आणि ते कौतुकाने सांगतो.

नवा कोट आणल्यावर मागच्या फटीवर फुलीच्या आकाराचा टाका दिसेल, तो कापून टाका. तो फक्त दुकानात घडी मोडू नये म्हणून असतो. बाहीवर कंपनीची पट्टी असेल तर तीही उसवा. मुलाखतीला गेलेल्या आपल्या दोन मुलांच्या बाहीवर ती तशीच होती. त्यांना कुणी सांगितले नाही, आणि इथला माणूस तोंडावर कधी सांगणारही नाही.

भिजला तर रुंद हँगरवर टांगा, हीटरवर कधीच टाकू नका. धुण्याच्या यंत्रात घालू नका, आकसतो आणि पत्र्यासारखा होतो. भाड्याच्या खोल्यांत भिंतीला ओल धरते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे लांब ठेवा, नाहीतर गोव्यात जुलैत चपलांवर येते तशी बुरशी कॉलरवर येते. एप्रिलात ब्रशने झाडून, उन्हाचा एखादा दिवस बघून बाहेर टांगा, मग चेन असलेल्या पिशवीत बंद करा. कसर लागते ती अंगाच्या घामाच्या डागांना, म्हणून ठेवण्याआधी एकदा ड्रायक्लीनिंगला द्या. चवथीला घरी जाताना कोट बरोबर नेऊ नका. माझ्या एका मित्राने दाखवायला म्हणून नेला आणि दोन आठवडे आईच्या कपाटात ठेवला, परत आणला तेव्हा पाठीवर पांढरे ठिपके होते.

निघताना गोव्यातून फक्त दोन गोष्टी आणा: एक जाड स्वेटर, आणि मापाची फीत.