निळी गोळी पोटात जाईपर्यंत: माध्यमिक शाळेत साप्ताहिक लोहगोळी कार्यक्रम कसा चालवावा

शाळेतलं आरोग्य म्हणजे वर्षातून एकदा येणारे डॉक्टर, वजन-उंची, दात-डोळे आणि एक भरलेलं कार्ड, असं बरीच वर्षं चाललं. गेल्या दशकभरात धोरणाची दिशा बदलली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, जानेवारी 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य व कल्याण कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका 'आरोग्यदूत' म्हणून निवडायचे, ही त्यातली तरतूद. थोडक्यात, वार्षिक भेटीचं काम वर्गशिक्षकाच्या आठवड्याच्या कामात आलं.

या सगळ्यात सर्वांत साधं दिसणारं आणि सर्वांत जास्त बिघडणारं काम म्हणजे इयत्ता सहावी ते बारावीच्या मुलामुलींना दर आठवड्याला द्यायची लोहाची निळी गोळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के आणि मुलांपैकी 31.1 टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. म्हणजे साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर डुलक्या घेणारी सगळीच मुलं आळशी नसतात. ही गोळी फक्त मुलींची आहे हा समजही या आकड्यांपुढे टिकत नाही. मुलांना वगळणारी शाळा अर्धाच कार्यक्रम चालवते.

गोळी कोणती

2018 च्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेनंतर किशोरवयीन गटाच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. तिला साखरेचा निळा लेप असतो. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची गोळी गुलाबी, तिच्यात 45 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. पहिली ते दहावी एकाच आवारात असेल तर दोन्ही रंगांचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा. गोंधळ नेहमी पाचवी-सहावीच्या सीमेवर होतो.

साठ्याचा हिशेब पटसंख्येवर करा, हजेरीवर नको. 400 विद्यार्थी आणि 13 आठवड्यांची तिमाही धरली तर 5,200 गोळ्या होतात. त्यावर दहा टक्के राखीव म्हणजे 5,720. उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेकडे मागणी नोंदवताना मागची शिल्लकही लिहा, नाहीतर एका तिमाहीत ढीग आणि पुढच्या तिमाहीत दुष्काळ अशी गत होते. आधी ज्याची मुदत संपते तो साठा आधी वापरा. डबा कोरड्या, उन्हापासून लांबच्या कुलुपाच्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर गोळ्या दमट होतात, लेप सुटतो, एकमेकींना चिकटतात. अशा गोळ्या वाटू नका, आरोग्य केंद्राला परत करा. मुलाच्या हातात तडकलेली, डागाळलेली गोळी एकदा पडली की त्याचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला महिने जातात.

दिवस आणि वेळ

ठरलेला दिवस बहुतेक ठिकाणी सोमवार असतो. आपल्याकडे त्यात एक अडचण आहे: अनेक घरांत सोमवारचा उपवास असतो, श्रावणात तर मुलीही तो धरतात, आणि काही शाळा श्रावणी सोमवारी अर्ध्या दिवसाने सुटतात. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, पोटात दुखतं, आणि पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग नको म्हणतो. म्हणून मंगळवार हा राखीव दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात लिहून टाका. उपवास करणारे, गैरहजर राहिलेले, त्या दिवशी तापाने घरी असलेले, सगळे मंगळवारी. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलांना शाळेच्या वेळात गोळी देता येत नाही. पालकांशी बोलून ती संध्याकाळच्या जेवणानंतर घरी मोठ्यांच्या हातून द्यायची व्यवस्था करा.

वेळ मोठ्या सुट्टीनंतरची ठेवा, जेवणानंतर शक्यतो तासाभराने. सहावी ते आठवीला शालेय पोषण आहार मिळतो, म्हणून तिथे प्रश्न कमी. नववी-दहावीला तो नाही. त्या वर्गांत गोळी वाटण्याआधी शिक्षकाने सरळ विचारायचं: डबा कोणी खाल्ला नाही? हात वर करणाऱ्यांना आधी काहीतरी खायला लावा. आरोग्य समितीच्या किंवा पालकांच्या मदतीने शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, केळी असं थोडं शाळेत ठेवता आलं तर फार फरक पडतो. सकाळच्या सत्राच्या शाळेत पहिल्या तासाला गोळी देणं ही सर्वांत मोठी चूक. निम्मी मुलं फक्त चहा पिऊन आलेली असतात, आणि चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी-दूध नको. लिंबू, आवळा, पेरू चालतात, नव्हे हवेतच. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.

वर्गातली पाच-दहा मिनिटं

कार्यक्रम यशस्वी की कागदावरचा, हे इथे ठरतं. गोळ्या वर्गप्रमुखाच्या हाती देऊन 'वाट रे' म्हणणाऱ्या वर्गात त्या खिडकीबाहेर, बाकाखाली आणि दप्तरात सापडतात, आणि नोंदवहीत मात्र शंभर टक्के.

प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली आहे ना ते आधी पाहा. मग शिक्षकाने ओळीने फिरून एकेकाच्या तळहातावर एक गोळी ठेवायची, समोर गिळलेली पाहायची आणि पुढे सरकायचं. ही गोळी चावायची नाही, पूर्ण गिळायची. चावली तर लोखंडासारखी चव तोंडात राहते. जंतनाशक अल्बेंडाझोल मात्र चावून खायची असते. दोन्हींच्या सूचना उलट असल्यामुळे जंतनाशक दिनाच्या महिन्यांत, म्हणजे ऑगस्ट-फेब्रुवारीत, हमखास घोळ होतो, म्हणून फळ्यावर लिहून ठेवा. शिक्षकांनीही त्याच वेळी मुलांसमोर गोळी घ्यावी. शिक्षिका स्वतः घेत असल्या तर मुलींचे अर्धे प्रश्न विचारण्याआधीच मिटतात. गिळल्यावरच हजेरीपटाशेजारच्या रकान्यात खूण करा. आधी सगळ्यांची खूण करून नंतर गोळ्या वाटण्याची सवय लागली की आकडे खोटे झालेच.

एक आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दोन गोळ्या देऊ नका. पाळीच्या दिवसांतही गोळी चालू ठेवायची. रक्त जातं तेव्हाच ती थांबवायची, असा गैरसमज अजून बऱ्याच घरांत आहे.

कोणाला त्या दिवशी द्यायची नाही: ताप किंवा उलट्या-जुलाब असलेल्यांना, बरं होईपर्यंत. थॅलेसेमिया मेजर असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांना तर अजिबात नाही, कारण त्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असतं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर यांसारख्या सिकलसेलग्रस्त (सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) भागांतल्या शाळांनी वर्षाच्या सुरुवातीला यादी करावीच. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी झालेल्यांना कार्ड दिलं जातं. ते पाहून सिकलसेलचे रुग्ण असलेल्यांबाबत निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यावर सोपवा. फक्त वाहक असलेल्यांना घाबरवायचं कारण नाही. यादी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यापुरती ठेवा. परिपाठात ती वाचून दाखवणारी शाळा त्या मुलाचं कायमचं नुकसान करते.

गोळ्या घरी जाऊ देऊ नका

यावर थोडं जास्त लिहिणं भाग आहे. लोह कमी पडणं धोक्याचं, तसंच एकदम जास्त पोटात जाणंही. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 20 मिलिग्रॅम लोह गेलं की विषबाधेची लक्षणं सुरू होऊ शकतात, 60 मिलिग्रॅमच्या पुढे जीवावर बेतू शकतं. दहा किलो वजनाच्या धाकट्या भावंडाला चार निळ्या गोळ्याही धोक्याच्या, दहा जीवघेण्या. साखरेचा निळा लेप त्याला गोळी नव्हे, खाऊ वाटतो. मार्च 2023 मध्ये तमिळनाडूत उदगमंडलम इथे मुलांनी शाळेतच पैज लावून लोहगोळ्या खाल्ल्या आणि आठवीतल्या एका मुलीचा मृत्यू झाला. म्हणून पूर्ण स्ट्रिप कोणत्याही मुलाच्या हाती नको, कपाटाची किल्ली शिक्षकाकडेच, आणि जास्त गोळ्या खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता लगेच 108 ला फोन. सुरुवातीच्या उलट्या थांबून मुलाला काही तास बरं वाटू शकतं आणि मग ते कोसळतं. या मधल्या काळावर विसंबून कोणी घरी पाठवू नये.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण सहा आठवडे जातात. त्या गोळ्या द्यायच्या तर पालकांना बोलावून, त्यांच्या हातात, मोजून आणि उंच जागी ठेवण्याची सूचना देऊन. आशाताईंची मदत असेल तर आणखी चांगलं.

त्रास झाला तर

शौच काळसर होणं नेहमीचं आहे. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर आठवड्याभरात कोणी तरी घाबरून येतं. सौम्य मळमळ, पोटात कळ, बद्धकोष्ठता होऊ शकते. पाणी पाजा, आडवं करा, तासभर लक्ष ठेवा. वारंवार उलट्या, अंगावर पित्त उठणं किंवा श्वासाचा त्रास झाला तर मात्र थेट प्राथमिक आरोग्य केंद्र.

खरी कसोटी लागते ती एका मुलीला चक्कर आल्यावर शेजारच्या दहा जणींना येते तेव्हा. हे ढोंग नसतं, भीती पसरते आणि शरीर तसंच वागतं. पहिल्या मुलीला शांतपणे दुसऱ्या खोलीत न्या, बाकीच्यांचा तास चालू ठेवा, मैदानात गर्दी करू देऊ नका, आरोग्यसेविकेला बोलवा. गावात बातमी पोचण्याआधी पालकांना शाळेनेच फोन करायचा. त्या दिवसाच्या गोळ्यांचा बॅच क्रमांक लिहून ती स्ट्रिप बाजूला काढून ठेवा. पुढे चौकशीत तिचीच गरज लागते.

अफवा थांबवायची जागा जूनमधली पालकसभा. 'मूल न होण्याच्या गोळ्या आहेत', 'मुली जाड होतात' हे दोन प्रश्न येतातच. त्यांना हसून टाळू नका. गोळीचं पाकीट पालकांच्या हातात द्या, त्यावरचं वाचून दाखवा, आरोग्यसेविकेलाच बोलू द्या.

तपासणी आणि जंत

जंतनाशक दिन राष्ट्रीय पातळीवर 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला असतो; राज्य तारीख बदलू शकतं, म्हणून दर वेळी परिपत्रक पाहा. मात्रा अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम. आतड्यातला आकडीकृमी रक्तावरच जगतो, त्यामुळे जंत न काढता लोह देत राहणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

पथक हिमोग्लोबिन तपासायला आलं की शिक्षकाने एका गोष्टीवर नजर ठेवावी. बोट दाबून दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. हात आधी धुऊन, चोळून ऊबदार करा, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायला सांगा, एका मुलाला एकच लॅन्सेट (बोट टोचायची सुई). 12 ते 14 वयोगटात 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय; 15 पासून मुलींसाठी तीच मर्यादा, मुलांसाठी 13. आठच्या खाली आलेलं मूल त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. त्यापेक्षा सौम्य रक्तक्षयालाही आठवड्याची एक गोळी पुरत नाही. रोजचा उपचार डॉक्टर ठरवतात आणि तो साधारण तीन महिने चालतो. काम अडतं ते याच टप्प्यावर: संदर्भचिठ्ठी दिली जाते, पालकांची रोजंदारी बुडते म्हणून कोणी जात नाही, आणि पुढच्या वर्षी तेच नाव पुन्हा त्याच यादीत. म्हणून वहीत चार रकाने ठेवा: चिठ्ठी कधी दिली, दवाखान्यात कधी गेले, उपचार सुरू झाला का, तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन किती. चौथा रकाना रिकामा असेल तर आशाताईंना त्या घरी पाठवा.

आहाराबद्दल बोलताना बिटाला फार भाव देऊ नका. रंग लाल असला तरी त्यात लोह बेताचंच असतं. अळीव, मोड आलेली मटकी, हुलगे, पालेभाज्यांवर लिंबू, लोखंडी कढईत शिजवलेली आंबट भाजी, घरात चालत असेल तर मटण-मासे, हे सांगा. कडधान्याला मोड आणल्याने लोह अडवणारे फायटेट कमी होतात, ते विज्ञानाच्या तासाला सहज बसतं.

महिन्याचा अहवाल भरताना 'गोळ्या वाटल्या' आणि 'महिन्यात चारही गोळ्या घेतलेली मुलं' हे वेगळे आकडे आहेत. दुसरा आकडा वर्गनिहाय काढा. एखादा वर्ग सतत मागे दिसला तर शिक्षकाला जाब विचारण्याआधी त्या वर्गाचं सोमवारचं वेळापत्रक तपासा. बऱ्याचदा मोठ्या सुट्टीनंतर तिथे खेळाचा तास असतो आणि मुलं मैदानावर असतात.