मापांवरून मासे ओळखताना टक्केवारीवर विसंबू नका

एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जातींचे मासे ट्रेमध्ये मांडून, कॅलिपर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) हातात घेऊन बसलेल्यांसाठी हे लिहितोय. माप डाव्या बाजूचं घ्यायचं, ताजे आणि फॉर्मेलिनमध्ये टिकवलेले मासे एकाच तक्त्यात घालायचे नाहीत, हे माहीत असेलच. प्रमाण लांबी, म्हणजे तोंडाच्या टोकापासून कण्याच्या शेवटापर्यंतची लांबी, घेताना शेपटी हलकेच वाकवा. घडी पडते तिथे कणा संपतो, तिथवरच मोजा.

आता खरी गोम. सगळे सांगतात, डोक्याची लांबी, शरीराची उंची प्रमाण लांबीच्या टक्केवारीत मांडली की लहानमोठ्या माशांची तुलना करता येते. नाही येत! माशाचं प्रत्येक अंग सारख्या वेगानं वाढत नाही. पिल्लाचा डोळा डोक्याच्या मानानं मोठा असतो, वाढलेल्या माशाचा लहान. समजा, ओढ्यातून 5 सेंटीमीटरचे आणले आणि धरणातून 15चे. टक्केवारीत दोन गट झकास सुटे दिसतील, जात मात्र एकच असेल. पीसीए (सगळी मापं एकत्र करून मोजक्या अक्षांवर मांडणारी सांख्यिकी पद्धत) केला की सुटलो, असंही नाही. कच्च्या मापांवर केलात तर पहिला अक्ष बहुतेक वेळा नुसता लहानमोठेपणाच दाखवतो. असा सुंदर आलेख भिंतीला लावून मी कितीतरी महिने खूश होतो, आणि मार्गदर्शकही.

धीर सोडू नका, यात जाणकारही फसलेत. भीमेतला ऑस्टिओब्रामा विगोर्सी हा मासा ब्रिटिश अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक साइक्सनं 1839 मध्ये नोंदवला. 1992 मध्ये उजनीच्या पाणलोटातून ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस ही वेगळी जात जाहीर झाली. 2011 मध्ये मूळ नमुने पुन्हा तपासून, ठिकठिकाणच्या माशांशी ताडून, दोन्ही एकच असल्याचं दाखवलं गेलं. वाढीबरोबर बदलणारी मापं हेच या गोंधळाचं कारण असावं, असं त्या शोधनिबंधात म्हटलंय.

मग करायचं काय? टक्केवारी काढण्याआधी प्रत्येक माप प्रमाण लांबीसमोर मांडून ठिपके बघा. दोन्ही गटांचे ठिपके एकाच रेषेवर पुढेमागे पडत असतील, तर वेगळं काही नाही. समांतर दोन रेषा दिसल्या, तर फरक खरा असू शकतो, तिथे नीट लक्ष द्या. मापांचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या, लांबीचा प्रभाव काढून जे उरतं त्यावर पीसीए करा. अंड्यांनी भरलेल्या माद्यांची उंची वेगळी ठेवा, ती पोटाची उंची असते.

मोबाइलच्या फोटोवरून मापं काढण्याच्या भानगडीत पडू नका. मासा जरा कलला की गेलं सगळं. ‘डीएनए बारकोड करून टाक’, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा वाचून डेटाबेसशी ताडून बघ, म्हणणारे सीनियरही भेटतील. करा, पण डेटाबेसमधल्या कित्येक नोंदींवर नावच चुकीचं असतं, आणि ते चुकवणारा तुमच्यामाझ्यासारखाच कोणीतरी असतो. माझं मत विचाराल तर मासा बघताक्षणी नाव सांगणाऱ्या सरांपेक्षा, खवले मोजून झाल्यावरही गप्प बसणाऱ्या माणसाकडे शिका.

आणि मधल्या मापाचे मासे मिळवाच, त्याशिवाय ठिपक्यांची रेषा एक की दोन ते कळत नाही. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात मोठेच मासे दिसतील, कारण बारीक मासळी भावात बसत नाही. ती हवी म्हणून कोळ्यांना आधी सांगून ठेवा, जाळं कुठं टाकलं होतं तेही तिथंच विचारा, आणि लेबल पेन्सिलनं लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.