मॉस्कोच्या मेतालोओब्राबोत्काला, म्हणजे धातुकामाच्या प्रदर्शनाला, जायचंय? आधी एवढं उरका

तिकीट काढायच्या आधी बँकेत जा. जवळच्या शाखेत नव्हे, जिथे तुमचं एक्स्पोर्टचं काम बघतात तिथे. विचारायचं एवढंच: रशियन गिऱ्हाइकाचे पैसे आमच्या खात्यात घ्याल का, कुठल्या चलनात आणि त्यांच्या कुठल्या बँकेकडून? जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेश व्यापाराचे हिशेब रुपयांत मिटवायची सोय केली आणि त्यानंतर रशियन बँकांची इथल्या बँकांत रुपयाची व्होस्ट्रो खाती (परदेशी बँकेने आपल्या बँकेत ठेवलेली खाती) उघडली. कागदावर रस्ता मोकळा आहे. पण ज्या बँकेचा अमेरिकेत किंवा युरोपात मोठा कारभार आहे, ती या रस्त्याला जायला नाखूश असते. तोंडी "होऊन जाईल सर" यावर विसंबू नका, ईमेलवर उत्तर घ्या. मॉस्कोत कुठल्याही स्टॉलवर दरापाठोपाठ हाच विषय निघतो, आणि तिथे "बँकेला विचारून कळवतो" म्हणणाऱ्याचं कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी जातं.

बँकेचं झालं की तुमचा माल तिकडे पाठवता येतो का ते बघा. प्रत्येक वस्तूचा एचएस कोड (कस्टम्सचा मालाचा क्रमांक) लिहून काढा: मशीनिंग सेंटर 8457, लेथ 8458, ड्रिलिंग-मिलिंग 8459, ग्राइंडिंग 8460, बदलायची टुल्स 8207, कार्बाइडच्या टिप्स 8209. मग ती यादी डीजीएफटीच्या, म्हणजे परदेश व्यापार महासंचालनालयाच्या, स्कोमेट यादीशी (परवान्याशिवाय बाहेर न पाठवता येणारा माल) ताडून पाहा. अचूकता ठरावीक मर्यादेपलीकडची असेल, पाच अक्ष एकदम चालत असतील, तर मशीन दुहेरी वापराच्या (नागरी आणि लष्करी दोन्ही) मालात मोडतं आणि परवाना लागतो. शिवाय तुमच्या मशीनवरचा कंट्रोलर जपानी किंवा जर्मन असेल, तर तो विकताना त्या कंपनीने घातलेल्या अटी मशीनसोबत फिरतात. युरोपातून ठरावीक प्रकारचा माल घेत असाल तर करारात "रशियाला पुढे विकणार नाही" असं कलम मार्च 2024 पासून असतं. जुना करार काढून वाचा. 30 ऑक्टोबर 2024 ला अमेरिकेने निर्बंधांची जी मोठी यादी काढली तीत भारतातल्या 19 कंपन्या होत्या. ज्याचा निम्मा धंदा अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या गिऱ्हाइकावर चालतो, त्याने सीए आणि वकील दोघांना शेजारी बसवून हा हिशेब आधी करावा. उत्तर "नको" आलं तर हे पुढचं सगळं वाचायची गरज नाही, जानेवारीत बेंगळुरूला इमटेक्स हे मशीन टूलचं प्रदर्शन असतंच.

आता प्रदर्शन कुठलं? धातुकामासाठी मुख्य म्हणजे मॉस्कोतलं मेतालोओब्राबोत्का. 1984 पासून चालू आहे, मे महिन्याच्या उत्तरार्धात भरतं, एक्सपोसेंटर ही कंपनी ते भरवते आणि स्तान्कोइन्स्त्रुमेंट ही मशीन टूलवाल्यांची संघटना पाठीशी असते. जुलैत येकातेरिनबुर्गला इन्नोप्रोम असतं; 2016 साली भारत तिथे भागीदार देश होता. पण इन्नोप्रोम सगळ्या उद्योगांचं, मंत्री-संत्र्यांचं. इन्सर्ट (टूलला बसवायच्या कार्बाइडच्या टिप्स), होल्डर, चक, गेज विकणाऱ्याला मॉस्कोच बरं. एक्सपोसेंटरचं जुनं आवार क्रास्नाया प्रेस्न्यावर, मॉस्को सिटीच्या टॉवरांना लागून आहे. व्हिस्तावोच्नाया मेट्रो स्टेशनावरून चालत जाता येतं. मात्र क्रोकस एक्स्पो हे दुसरं मोठं केंद्र लांब, शहराच्या वायव्य काठाला, म्याकिनिनो स्टेशनाजवळ आहे. तेव्हा त्या वर्षीचा पत्ता बॅजवरून वाचा आणि मगच हॉटेल घ्या.

पहिल्या खेपेला स्टॉल घेऊ नका, हे माझं ठाम मत. स्टॉलला बांधलेला माणूस चार दिवस स्वतःच्याच नऊ चौरस मीटरमध्ये उभा राहतो आणि शेजारच्या हॉलमध्ये काय चाललंय ते त्याला घरी येऊन कळतं. पाश्चात्त्य आणि जपानी कंपन्या 2022 नंतर बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागा बहुतांशी चिनी कंपन्यांनी भरल्या. चिनी साध्या इन्सर्टच्या दराशी झुंजायला जाणार असाल तर विमानाचे पैसे वाचवा. फिरून आधी बघा की चिनी माणसाला काय जमत नाहीये: ड्रॉइंगप्रमाणे बनवलेलं स्पेशल टूल, थोड्या नगांची ऑर्डर, महिनाभरात दुसरी खेप. आपल्याकडच्या भोसरी-शिरोलीच्या छोट्या युनिटला हे जमतं. पुढच्या वर्षी स्टॉल घ्यायचा ठरला तर ईईपीसीकडे, म्हणजे इंजिनिअरिंग माल निर्यात करणाऱ्यांच्या परिषदेकडे, चौकशी करा. भारतीय दालन असेल तर केंद्र सरकारच्या निर्यात-प्रोत्साहन योजनेतून खर्चाचा काही भाग मिळू शकतो, पण अर्ज खूप आधी लागतो.

भेटी ठरवायच्या तर एप्रिलच्या मध्यापर्यंत ईमेल जायला हवेत. 1 मे आणि 9 मे या तिकडच्या मोठ्या सुट्ट्या, आणि मधले दिवस बरेच लोक रजा टाकून गावाकडच्या घरी, दाचावर, बटाटे लावायला जातात. मेच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेला ईमेल गेल्यात जमा.

व्हिसाचं काम तुलनेने सोपं झालंय. ऑगस्ट 2023 पासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, प्रदर्शन पाहायला आणि धंद्याच्या भेटींना तो चालतो. किती दिवस राहता येतं ते मधल्या काळात बदललंय, म्हणून अर्ज करताना रशियन परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरच वाचा, एजंटच्या पत्रकावर नव्हे. ई-व्हिसावर ठरावीक ठिकाणांहूनच आत जाता येतं. मॉस्कोचे मोठे विमानतळ त्यात आहेत. विमा काढलेला असावा. उतरल्यावर पासपोर्टबरोबर मायग्रेशन कार्डाचा कागदी तुकडा मिळतो, तो परत जाईपर्यंत जपा. रजिस्ट्रेशन हॉटेलवाला करतो, पण केलं का ते विचारून घ्या. ड्रोनच्या भीतीने तिथले विमानतळ मध्येच काही तास बंद होतात, त्यामुळे परतीच्या जोडविमानासाठी दोन तासांचा हिशेब धरू नका.

पैसे रोख न्या. मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथलं काम थांबवलं, तेव्हापासून आपलं कार्ड तिकडे नुसतं प्लास्टिक. परदेशी जाताना नोटांच्या रूपात 3,000 डॉलरच नेता येतात, असं फॉरेक्सवाला सांगेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमात रशियाला जाणाऱ्यांना यातून सूट आहे, तेवढं त्याला दाखवा. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या, नव्या छपाईच्या घ्या. पेनाची रेघ असलेली शंभराची नोट तिथली कॅशियरबाई दोनदा उलटून बघते आणि काचेखालून परत सरकवते.

आता खरी मेहनत, जी बहुतेक जण करत नाहीत. इंग्रजी कॅटलॉग रशियनमध्ये छापून घेणं म्हणजे तयारी नव्हे. तिथला टेक्नॉलॉजिस्ट (कुठलं टूल वापरायचं ते ठरवणारा इंजिनिअर) स्टीलला आपल्यासारखं ईएन8 किंवा ईएन31 म्हणत नाही. त्याच्या डोक्यात गोस्त, म्हणजे रशियन सरकारी, मानकं आहेत. म्हणून एका पानावर तक्ता करा: स्टील 45 म्हणजे आपलं सी45 किंवा ईएन8च्या जवळचं, शा-खा 15 म्हणजे बेअरिंग स्टील ईएन31, व्ही-टी 6 म्हणजे टायटॅनियम सिक्स-फोर. स्टेनलेसचं नाव वाचायला शिकलात तर अर्धा तक्ता पाठ झाला. 12 ख 18 एन 10 टी यात आधी कार्बन 0.12 टक्क्यापर्यंत, मग ख म्हणजे क्रोम 18 टक्के, एन म्हणजे निकेल 10 टक्के, शेवटी टी म्हणजे टायटॅनियम. आपल्या भाषेत 321. टूलमध्ये आर6एम5 हे आपलं एम2 हायस्पीड: सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम. व्हीके8 म्हणजे 92 टक्के टंगस्टन कार्बाइड आणि 8 टक्के कोबाल्ट, ओतीव लोखंडावर चालणारं. टी15के6 म्हणजे 15 टक्के टायटॅनियम कार्बाइड, 6 टक्के कोबाल्ट, स्टीलच्या फिनिशिंगला. कागदावर ही अक्षरं फसवतात: त्यांचं आर दिसतं इंग्रजी पीसारखं, त्यांचं व्ही दिसतं बीसारखं, एन दिसतं एचसारखं. "पी6एम5 आहे का" असं विचारलंत तर समोरचा गालातल्या गालात हसेल.

तसंच मशीनचं. एखादा कारखानदार म्हणतो, आमच्याकडे चाळीस 16के20 आहेत. हे क्रास्नी प्रोलेतारी कारखान्याचं लेथ, सोव्हिएत काळापासून गल्लोगल्ली पसरलेलं. त्या आकड्यातच माहिती आहे: पहिला 1 म्हणजे लेथचा गट, 6 म्हणजे आटे पाडणारं लेथ, के ही आवृत्ती, 20 म्हणजे सेंटरची उंची 20 सेंटिमीटर, म्हणजेच 400 मिलिमीटरचा स्विंग (फिरवता येणाऱ्या जॉबचा व्यास). शेवटी एफ3 असेल तर ते सीएनसी. मागे एन, पी, व्ही, ए, एस अशी अक्षरं आली तर तो अचूकतेचा वर्ग, साध्यापासून अतिअचूकपर्यंत. 16के20च्या टूलपोस्टात 25 मिलिमीटरची शँक (होल्डरची दांडी) बसते. तुमच्या पिशवीत 20 चेच होल्डर असतील तर त्या माणसाशी बोलणं तिथेच संपलं. म्हणून नमुने निवडताना 25 चे आणि 32 चे आधी भरा, थोडे पण बरोबर.

दुभाषा कोण? मॉस्कोतली विद्यार्थिनी गोड बोलते, पण "रनआउट"ला काय म्हणायचं हे तिला माहीत नसतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं रशियन शिकवतात, तिथून शिकून इंडस्ट्रीत गेलेला कुणी मिळतो का बघा. त्याहून भारी म्हणजे नाशिकजवळ ओझरला एचएएलमधून निवृत्त झालेला माणूस. मिग आणि सुखोईच्या कामामुळे रशियन ड्रॉइंग, त्यातले टॉलरन्स, गोस्तचे संदर्भ अशा लोकांनी आयुष्यभर वाचलेत. व्याकरण डळमळीत असेल, पण कारखान्यातल्या माणसाशी त्यांची पाच मिनिटांत गट्टी जमते. एखाद्या काकांना जाण्या-येण्याचा खर्च देऊन सोबत नेलंत तर मॉस्कोतल्या दुभाषीपेक्षा स्वस्त पडेल की महाग ते मला सांगता येणार नाही, उपयोगी मात्र नक्की पडेल.

फोनवर विसंबू नका. परदेशी माणसाला तिथलं सिम मिळणं 2025 पासून बायोमेट्रिकमुळे किचकट झालंय, आणि मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद पडतं. यांडेक्सचे नकाशे आधी उतरवून ठेवा, हॉटेलचा पत्ता रशियनमध्ये छापून खिशात ठेवा. व्हिजिटिंग कार्डाची एक बाजू रशियन करा. समोरच्याला नुसत्या नावाने हाक मारू नका, नाव आणि बापाचं नाव जोडून म्हणायची रीत आहे. कार्डावर तिन्ही नावं असतात, त्यातली दोन घ्यायची. खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्याचे हाल होत नाहीत, पण भडंग आणि मेतकूट नेलंत तर कुणी नावं ठेवणार नाही.

हॉलमध्ये गेल्यावर दर सांगायची घाई करू नका. सध्या काय वापरता, किती नग महिन्याला, कुठल्या जॉबवर, टूलची धार किती टिकते, हे चार प्रश्न आधी. त्यांच्या देशातले बनवणारेही पाहा: किरोवग्रादचा कार्बाइड कारखाना, बेल्गोरोदची मिलिंग कटर बनवणारी स्किफ-एम, पीटर्सबर्गचे बाल्ट-सिस्टेमचे कंट्रोलर. यातलं कुणी तुमचं गिऱ्हाईकही होऊ शकतं. मशीन विकायचं असेल तर ईएसी खूण (नियमांत बसत असल्याची) लागते, सुरक्षेचा नियम 010/2011 आहे, आणि त्याचा अर्जदार त्यांच्या युरेशियन आर्थिक संघात (रशिया आणि शेजारच्या काही देशांचा गट) नोंदलेली कंपनीच असावी लागते. म्हणजे तिथला एक भरवशाचा डीलर आधी हवा. पहिल्याच दिवशी "आम्हीच तुमचे एकमेव प्रतिनिधी" म्हणत करार पुढे करणाऱ्याला चहा पाजा, सही देऊ नका. त्याच्याकडे किती सर्व्हिस इंजिनिअर आहेत, सुट्या भागांचा साठा कुठे असतो, ते विचारा आणि जमलं तर त्याचं गोदाम बघून या.

परतल्यावर 12 जूनची त्यांची सुट्टी येते, त्याच्या आत कोटेशन जायला हवं. न्हावा शेवापर्यंतचा दर आणि नोवोरोसिस्कपर्यंतचा दर असे दोन्ही लिहा, रुपयांत आणि त्यांना हव्या त्या चलनात. नमुन्याचं पार्सल पाठवताना इनव्हॉइसवर "मोफत" असं नुसतं लिहू नका. खरी किंमत लिहा, शेजारी "नमुना, विक्रीसाठी नाही" असं रशियनमध्ये टाका, एचएस कोड आणि ग्रेड लिहा. नाहीतर तिकडच्या कस्टम्समध्ये पंधरा इन्सर्टची डबी महिनाभर पडून राहते आणि तोवर टेक्नॉलॉजिस्टने चिनी डबी उघडून ट्रायल घेतलेली असते.