लेवीयापाशी अडलेलं वाचन : बायबल वाचताना या चुका टाळा

वास्कोत आमच्या मंडळीचा दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बायबल अभ्यास असतो. आठ-दहा माणसं. कुणी बंदरावर कामाला, कुणी शिपयार्डात. गावं विचाराल तर बेळगाव, सावंतवाडी, सोलापूर. फेब्रुवारी उजाडला की तक्रार ठरलेली, "वाचन बंद पडलं हो." कुठे बंद पडलं, हे मी आता विचारत नाही. लेवीयातच पडतं, बायबलातल्या तिसऱ्या पुस्तकात.

हिशोब करून बघा. नव्या वर्षाच्या उपासनेत आपण जोशात ठरवतो, यंदा अख्खं पवित्र शास्त्र वाचून काढायचं, रोज तीन अध्याय. उत्पत्तीचे 50, निर्गमाचे 40. म्हणजे 30 जानेवारीला दोन्ही संपतात आणि 31 तारखेला समोर येतं लेवीय. अर्पणांचे नियम : होमार्पण, अन्नार्पण, वपा (चरबी), गुरदे (मूत्रपिंडं). तेराव्या अध्यायात अंगावरच्या चट्ट्यांची तपासणी, तीही चांगली 59 ओव्यांची. (ओव्या म्हणजे वचनं हो; आमच्याकडे जुनी माणसं तसंच म्हणतात.) गोव्यात कार्निव्हलचे ढोल वाजेपर्यंत बायबल परत कपाटावर गेलेलं असतं.

पहिल्यांदाच वाचत असाल तर उत्पत्तीपासून सुरुवात करायलाच हवी असं कुणी सांगितलंय? मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, गोष्ट धावती. मग लूक, त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, मग उत्पत्तीकडे या. आणि चार दिवस चुकले तर थकलेले हप्ते फेडल्यासारखे एका रात्रीत बारा अध्याय उरकू नका. आजचं आज वाचा. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि तोच देवाचा संदेश मानायचा, हा प्रकार तर सोडूनच द्या. ती सोडत झाली, वाचन नव्हे.

जास्त नुकसान होतं ते वचन तोडून घेण्याने. यिर्मयाच्या पुस्तकातलं 29:11 बघा, म्हणजे 29व्या अध्यायातलं अकरावं वचन. 'हिताचे संकल्प' असलेलं हे वचन सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट येतं. नोकरीच्या मुलाखतीला जाणारा पाठवतो, लग्न ठरलेलीही पाठवते. पण हे वचन ज्या पत्रातलं आहे ते बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच्याही वर, पाचव्या ते सातव्या वचनात, घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. पोटासाठी गाव सोडून गोव्यात आलेल्या आमच्यासारख्यांना खरं लागू पडणारं हे. ते मात्र कुणी पाठवत नाही. उपाय सोपा आहे : आवडलेल्या वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचल्याशिवाय ते पुढे पाठवायचं नाही.

भाषा जड वाटते, ही तक्रार खरी आहे. 'करावयास', 'निवासमंडप' अशा शब्दांपाशी शाळकरी पोरं अडखळतात. जुनं भाषांतर आणि सोप्या मराठीतलं, अशी दोन्ही शेजारी ठेवा. आणि मोठ्याने वाचा. याच गोव्यात, राचोलला, 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओवी छंदात. ओवी कानासाठीच असते. मनातल्या मनात वाचताना जिथे डोळा लागतो, तिथे आवाज काढला की जाग येते, निदान मला तरी येते.

माझी स्वतःची चूक वेगळीच होती. मंडळीत संदेश (प्रवचन) द्यायची जबाबदारी मिळाली आणि माझं सगळं वाचन मुद्दे गोळा करण्यापुरतं उरलं. वही भरत होती. ज्या उताऱ्यातून मुद्दा निघत नाही तो मी सोडून द्यायचो. म्हणजे लोकांना काय सांगायचं ते मला माहीत, आणि मला काय सांगितलंय त्याचा पत्ता नाही. नव्या उत्साही मुलांच्या हातात लगेच माइक देणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. आधी त्यांना खुर्च्या मांडू द्या, आजाऱ्याला भेटायला न्या.

तर लेवीय. ते आम्ही शेवटी एकत्रच वाचायचं ठरवलं, दर गुरुवारी तीन अध्याय. सातव्या गुरुवारी एकोणिसावा आला. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर', हे येशूने उचललेलं वाक्य तिथलं आहे, अठराव्या वचनातलं. आपण ज्या पुस्तकाला कंटाळून थांबतो, त्याच्या पोटात ते बसलंय. पुढे चौतिसाव्यात तर परक्या माणसावरही तशीच प्रीती करायला सांगितलंय, कारण तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परके होता. शिपयार्डातल्या एका काकांनी चष्मा काढला. म्हणाले, "आपल्याला हे लोक घाटी म्हणतात तेव्हा झोंबतं. मग मागच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या ओडिशाच्या पोरांना आपण काय म्हणतो?"

कुणी बोललं नाही. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या ताई चहा आणायला आत गेल्या, त्या जरा उशिराच बाहेर आल्या. त्या पोरांनी आवारातल्या नळाला हात लावू नये म्हणून त्यांनीच मागच्या फाटकाला कुलूप घातलं होतं. पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा कुलूप नव्हतं, आणि नळाखाली दोन अनोळखी कॅन भरत होते.

आता आम्ही पुढच्या पुस्तकात, गणनेत, आहोत. पहिलाच अध्याय शिरगणतीचा, नुसती नावं आणि आकडे. ताईंना चहा जरा कडक ठेवायला सांगितलाय.