वादळी ढगांचे तरंग मॉडेलमध्ये पकडताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात दुपारभर ऊन तापतं आणि चार-पाचच्या सुमारास आभाळ काळं होतं. अशा ढगाचा माथा १६-१७ किलोमीटरवर ट्रोपोपॉजला, म्हणजे वातावरणाच्या सगळ्यात खालच्या थराच्या वरच्या सीमेला धडकतो, तिथली हवा वरखाली डोलू लागते आणि तरंग त्यावरच्या थरात, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये चढत जातात. हे गुरुत्व तरंग. हिंगोलीच्या लायगो वेधशाळेत अवकाशातून येणाऱ्या ज्या गुरुत्वीय लहरी शोधायच्या आहेत त्या निराळ्या. नावाच्या सारखेपणावरून गल्लत करू नका.

सगळ्यात जास्त घात करतं ते मॉडेलचं छत, म्हणजे मॉडेल जिथवर हवेचा हिशोब करतं ती वरची हद्द. डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या संगणकीय मॉडेलमध्ये बरेच जण ते ५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे साधारण २० किलोमीटरवर ठेवतात. वर चढलेला तरंग तिथे आपटून खाली परततो. माझ्या पहिल्या रनमध्ये हवेच्या उभ्या वेगाच्या छेदचित्रात लाल-निळ्या चौकटींचा बुद्धिबळाचा पट उमटला होता. दोन आठवडे मी त्याचा अर्थ लावत बसले. तो निव्वळ छतावरून परतलेल्या तरंगांचा खेळ होता. खऱ्या तरंगाच्या रेषा तिरप्या असतात, आणि ऊर्जा वर जात असताना त्या सहसा खाली सरकताना दिसतात. हे ॲनिमेशन आधी बघा, मगच आकडे काढा.

यावर उपाय म्हणून छताखाली तरंग जिरवणारा शोषक थर नुसता चालू केला तरी भागत नाही. छत २० किलोमीटरवर आणि थर ५ किलोमीटर जाडीचा असेल, तर तो १५ किलोमीटरपासूनच सुरू होतो आणि ढगाचा माथाच गिळतो. छत किमान १० हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे सुमारे ३० किलोमीटरवर न्या. मॉडेल जिथे हिशोब करतं त्या वरच्या पातळ्याही विरळ ठेवू नका: वाऱ्याच्या तुलनेत सेकंदाला १० मीटरने जाणाऱ्या तरंगाची उभी लांबी स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जेमतेम ३ किलोमीटर असते. तिथे पातळ्यांमध्ये एकेक किलोमीटर अंतर ठेवलं, तर हाती काय लागणार?

आतल्या डोमेनची (बारकाईने हिशोब होतो त्या क्षेत्राची) जाळी ३ किलोमीटरची असेल तर क्युम्युलस स्कीम, म्हणजे ढगांचा परिणाम अंदाजाने धरणारी सोय, बंद करा. तरीही २० किलोमीटरहून आखूड तरंगांवर विसंबू नका.

आउटपुट तासाला एकदा घेणं हीसुद्धा नेहमीची चूक. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये सर्वांत जलद तरंगाचा आवर्तकाळ पाचेक मिनिटांचा असतो. डिस्क पुरत नसेल तर ढगाभोवतीचा छोटा चौकोन निवडा, पण त्याचं आउटपुट दर मिनिटाला घ्या.

आणि घड्याळ! साडेचारचं वादळ फाइलमध्ये ११ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) सापडेल. नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान बलूनच्या नोंदींशी तुलना करताना साडेपाच तासांचा हा फरक आधी कागदावर मांडा.